ड्रेस्डेनहून प्राग : शनिवार-रविवारची सहल गटाने कशी आखावी?

प्रश्न :
आम्ही ड्रेस्डेन येथे पदव्युत्तर शिक्षण घेणारे आठ मराठी विद्यार्थी आहोत. परीक्षा संपल्यावर येणाऱ्या पहिल्या शनिवारी-रविवारी प्रागला जाऊन एक रात्र तिथे राहण्याचा आमचा विचार आहे. काहींना किल्ला आणि सेंट व्हिटस कॅथेड्रल पाहायचे आहे, काहींना योसेफॉव्ह ही जुनी ज्यू वस्ती, तर दोघांना केवळ नदीकाठी फिरायचे आहे. शिवाय प्रत्येकाची खर्चाची ऐपत सारखी नाही. कोणता भाग कोणत्या दिवशी ठेवावा आणि सर्वांनी सतत एकत्र राहावे का, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे. आमच्यापैकी एकाच्या निवास परवान्याचे नूतनीकरण चालू आहे. त्याने येण्यास काही हरकत आहे का?

पहिले उत्तर :
दिवसांचा क्रम आवडीनुसार ठरवू नका, कारण तिथल्या वेळांमुळे तो जवळजवळ ठरलेलाच आहे. योसेफॉव्हमधील ज्यू संग्रहालयाची सिनेगॉग (ज्यू प्रार्थनास्थळे) आणि जुनी दफनभूमी शनिवारी बंद असतात, तर किल्ल्याच्या आवारातील सेंट व्हिटसमध्ये रविवारी सकाळी प्रार्थना असल्यामुळे पर्यटकांना दुपारपर्यंत आत सोडत नाहीत. म्हणून शनिवारी किल्ला आणि रविवारी सकाळी योसेफॉव्ह, हाच क्रम सोयीचा आहे. योसेफॉव्हला किमान तीन तास द्यावेत, असे मी आग्रहाने सांगेन. पिंकास सिनेगॉगच्या भिंतींवर नाझींनी मारलेल्या सुमारे ७८ हजार ज्यूंची नावे हाताने लिहिलेली आहेत आणि वरच्या मजल्यावर तेरेझिनच्या छळछावणीत कोंडलेल्या मुलांनी काढलेली चित्रे आहेत. तिथून घाईने बाहेर पडणे योग्य वाटत नाही. शेजारच्या दफनभूमीतील सर्वांत जुना दगड १४३९ सालचा आहे.

आठ जणांनी दोन्ही दिवस एकत्र फिरण्याचा हट्ट मात्र धरू नये. सकाळची गाडी आणि रात्रीचे जेवण एकत्र ठेवा, दुपारी मोकळे सोडा. ज्यांना तिकिटांवर खर्च करायचा नाही, त्यांच्यासाठी व्हिशेहराड हा दुसरा जुना किल्ला उत्तम आहे : तटबंदीवरून व्ल्टावा नदी दूरपर्यंत दिसते, आवारात जायला पैसे पडत नाहीत आणि तिथल्या दफनभूमीत स्मेताना व द्वोर्झाक या संगीतकारांच्या समाध्या आहेत. संध्याकाळी भेटण्यासाठी १४१० सालचे खगोलीय घड्याळ निवडू नका, कारण दर तासाला त्याच्यापुढे इतकी गर्दी होते की माणसे सापडत नाहीत. त्याच चौकातील धर्मसुधारक यान हुस यांचे स्मारक त्यापेक्षा बरे. चार्ल्स पूल पाहायचा असेल तर रविवारी पहाटे जा.

दुसरे उत्तर :
कागदपत्रांविषयी थोडे. चेक प्रजासत्ताक शेंगेन या युरोपातील सामायिक प्रवास क्षेत्रात असल्यामुळे जर्मनीचा वैध निवास परवाना आणि पासपोर्ट एवढ्यावर तिथे जाता येते. तरीही जर्मनीने आपल्या सीमांवर तपासणी पुन्हा सुरू केलेली असल्याने परतीच्या गाडीत पोलीस येऊ शकतात, म्हणून दोन्ही गोष्टी मूळ स्वरूपात जवळ असाव्यात. ज्यांचे नूतनीकरण चालू आहे, त्यांना मिळालेल्या तात्पुरत्या दाखल्यावर देशाबाहेर जाऊन परत येता येईल की नाही, हे दाखल्याच्या प्रकारावर ठरते. त्यांनी परदेशी नागरिकांच्या कार्यालयाकडून आधी लेखी उत्तर घ्यावे आणि तोवर त्यांचे तिकीट काढू नये.

तिथे युरो नव्हे, कोरुना चालतो. एटीएमने रक्कम युरोमध्ये वळती करण्याचा पर्याय दाखवला तर तो नाकारावा. पैसे बदलून घेताना दर वाईट मिळाला असे लक्षात आले, तर १ हजार युरोपर्यंतचा व्यवहार तीन तासांच्या आत रद्द करण्याचा हक्क चेक कायदा २०१९ पासून देतो. त्यासाठी पावती सांभाळून ठेवावी. ट्रामचे कागदी तिकीट पहिल्या प्रवासाच्या सुरुवातीलाच यंत्रात घालून त्यावर वेळ छापून घ्यावी, अन्यथा तिकीट असूनही दंड होतो.

प्रश्नकर्ता :
दोघांचेही मनापासून आभार. क्रम तसाच ठेवतो आणि मित्राला आजच कार्यालयाला पत्र लिहायला सांगतो. रविवारी योसेफॉव्ह पाहून झाल्यावर संध्याकाळच्या गाडीपर्यंत आणखी काय पाहता येईल?

तिसरे उत्तर :
तुम्ही विद्यार्थी आहात, म्हणून नारोदनी रस्ता चुकवू नका. नाझींनी १७ नोव्हेंबर १९३९ रोजी नऊ जणांना ठार केले, बाराशेहून अधिक विद्यार्थ्यांना छळछावणीत पाठवले आणि चेक विद्यापीठे बंद केली. या घटनेच्या पन्नासाव्या स्मरणदिनी, १९८९ मध्ये, निघालेला विद्यार्थ्यांचा मोर्चा तेव्हाच्या कम्युनिस्ट राजवटीच्या पोलिसांनी याच रस्त्यावर अडवून झोडपला. त्यातून उसळलेल्या आंदोलनामुळे वर्ष संपण्यापूर्वी राजवटीचे विरोधक, नाटककार वात्स्लाव हावेल राष्ट्राध्यक्ष झाले. एका इमारतीखालच्या कमानीत उंचावलेल्या हातांचे लहानसे कांस्यशिल्प आहे. ते सहज नजरेतून सुटते, म्हणून शोधून पाहा. तिथून वेन्सेस्लास चौकातून चालत वर राष्ट्रीय संग्रहालयापर्यंत जा. १९६८ च्या सोव्हिएत आक्रमणानंतर जनतेत पसरलेल्या हताशेच्या निषेधार्थ यान पालाख या विद्यार्थ्याने १९६९ च्या जानेवारीत तिथेच स्वतःला पेटवून घेतले. त्याचे स्मारक संग्रहालयासमोर जमिनीतच बसवलेले आहे. मुख्य रेल्वे स्थानक तिथून काही मिनिटांवर असल्याने सामान सकाळीच स्थानकावर ठेवले, तर हा सारा मार्ग पायी होतो. रविवारी संध्याकाळी गाड्या भरलेल्या असतात, तेव्हा आठ जागा आताच आरक्षित करा. आणि प्रागला जाताना डाव्या बाजूच्या खिडक्या घ्या, एल्बे नदी बराच वेळ त्याच बाजूने सोबत असते.