इंदिराराजे गायकवाडांचं लग्न: मधला काळ नेमका कशात गेला?

प्रश्न (पानोपानी):
सयाजीराव गायकवाडांच्या कन्या इंदिराराजे आणि कूचबिहारचे जितेंद्र नारायण यांच्यावर टिपण लिहिते आहे. दोघांची मनं जुळली तो दिल्ली दरबार डिसेंबर 1911 चा, लग्न 1913 चं, लंडनला. मधे काय अडलं? बहुतेक ठिकाणी 'घरातून पळून गेल्या' एवढंच सापडतं. आणि सयाजीरावांसारख्या सुधारकानं विरोध का केला?

कमाटीबाग:
'पळून गेल्या' हे आधी खोडा. आईवडिलांनी शेवटी नाइलाजानं जायची परवानगी दिली होती. मात्र लग्नाला माहेरचं जवळचं कोणी गेलं नाही. लंडनच्या एका हॉटेलात ब्राह्म समाजाच्या (बंगालमधला सुधारणावादी पंथ) पद्धतीनं लग्न लागलं.

विरोधाचं मूळ ग्वाल्हेरच्या सोयरिकीत आहे. तिथले महाराज माधवराव शिंदे यांच्याशी लग्न ठरलेलं होतं. ते 35 वर्षांचे, इंदिराराजे 19 च्या, शिवाय माधवरावांची पहिली पत्नी हयात. म्हणजे सवतीवर जायचं, तेही कडक पडद्याच्या घरात. इंदिराराजेंनी घरी न सांगता माधवरावांनाच पत्र लिहून नकार कळवला. आईवडिलांना ते कळलं ग्वाल्हेरची तार आल्यावर. इतकं धाडस त्या काळात फार थोड्या मुलींनी केलं असेल, म्हणून टिपणात पत्राला मोठी जागा द्या.

वेळही वाईट होती. 12 डिसेंबर 1911 ला दिल्ली दरबारात सयाजीराव शिष्टाचार मोडून पंचम जॉर्जपुढे एकदाच वाकले आणि पाठ फिरवून परतले. त्यावर इंग्रजी वृत्तपत्रांनी झोड उठवली, खुलासा करून माफी मागावी लागली. सरकारची अशी वक्रदृष्टी असताना शिंदे-गायकवाड सोयरीक मोडली. समोरचं स्थळ मराठा नव्हे, ब्राह्म वळणाच्या घरातलं, आणि जितेंद्र तेव्हा गादीवरही नव्हते, राजाचे धाकटे भाऊ होते. संस्थानाचा मान ठरवणाऱ्या तोफांच्या सलामीचा हिशेब पाहा: बडोदा 21, कूचबिहार 13.

तळटीप:
कायद्याची बाजू सुटते आहे. ब्रिटिश हिंदुस्थानात आंतरजातीय लग्नाला 1872 चा कायदा क्रमांक 3 (विशेष विवाह कायदा) होता. त्यात दोघांनाही 'आम्ही हिंदू धर्म मानत नाही' अशा अर्थाचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागे (ही अट हिंदूंसाठी 1923 मध्ये सैल झाली), 14 दिवस आधी नोटीस लागे, आणि वयाची 21 वर्षं पूर्ण नसतील तर वडिलांची किंवा पालकाची संमती. इंग्लंडातही संमतीची वयोमर्यादा 21 च.

आता तारखा शेजारी ठेवा. इंदिराराजेंचा जन्म 19 फेब्रुवारी 1892. 21 पूर्ण झाली 19 फेब्रुवारी 1913 ला, आणि लग्न त्याच वर्षी. माझ्या मते त्या थांबण्याचा अर्थ इथे लागतो. त्याआधी वडिलांचा नकार म्हणजे कायद्यानंच बंद दार होतं.

सासरकडचा संदर्भही घ्या. सासूबाई सुनीतीदेवी ब्राह्म समाजाचे नेते केशवचंद्र सेन यांच्या कन्या. मुलीचं वय किमान 14 असावं ही अट 1872 च्या कायद्यात होती आणि तो कायदा व्हावा म्हणून झटले स्वतः केशवचंद्र. 1878 मध्ये सुनीतीदेवींचं लग्न झालं तेव्हा त्या 14 च्या नव्हत्या. त्यावरून ब्राह्म समाज फुटला. लोकनिंदा काय असते हे त्या घराला ठाऊक होतं.

पानोपानी:
हे वयाचं गणित माझ्या लक्षातच आलं नव्हतं. पुढे संसार कसा झाला?

कमाटीबाग:
लग्नानंतर थोड्याच दिवसांत, सप्टेंबर 1913 मध्ये, थोरले भाऊ राजेंद्र नारायण वारले आणि जितेंद्र गादीवर आले. म्हणून 'महाराजांशी प्रेमविवाह' असं लिहू नका. पाच मुलं झाली. 20 डिसेंबर 1922 ला, आपल्या 36 व्या वाढदिवशीच, जितेंद्र लंडनला वारले. जेमतेम नऊ वर्षांचा संसार. तिशीतल्या इंदिराराजेंनी मुलगा जगद्दीपेंद्र वयात येईपर्यंत, 1936 पर्यंत, रीजंट (अज्ञान राजाच्या वतीनं कारभार पाहणाऱ्या) म्हणून राज्य सांभाळलं.

गायत्रीदेवी ही त्यांचीच मुलगी. जयपूरच्या मानसिंहांना आधीच्या दोन राण्या होत्या, तेव्हा इंदिराराजेंनीच थांबायला लावलं आणि 1940 मध्ये लग्न झालं. सवतीवर जाण्याला त्या स्वतः नाही म्हणाल्या होत्या, त्यामुळे मला त्यांची ती काळजी खरी वाटते.

तळटीप:
सयाजीरावांबद्दल लिहिताना 1904 चा बडोद्याचा बालविवाह प्रतिबंधक कायदा आणि 1906 चं सक्तीचं प्राथमिक शिक्षण जरूर घ्या. त्यांनी प्रजेसाठी कायदे केले, पण घराण्याची सोयरीक त्यांच्या लेखी राजकारण होतं.

आणखी एक चूक सर्रास होते. चिमणाबाई दोन. पहिल्या तंजावरच्या, त्या 1885 मध्ये वारल्या. इंदिराराजेंच्या आई दुसऱ्या चिमणाबाई, देवासच्या घाटग्यांकडच्या. 1927 मध्ये पुण्याच्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या अध्यक्ष झाल्या त्याही याच. फोटो लावताना नीट तपासा.