शब्दचर्चा : शुक्राणुदान, वीर्यदान की बीजदान?

गोदाकाठ : नाशिकमधल्या वंध्यत्व उपचारांच्या एका दवाखान्यासाठी मराठी माहितीपत्रक लिहिते आहे. दिंडोरी, पेठ, सुरगाण्याकडून जोडपी येतात. डॉक्टर म्हणतात, "डोनर घ्यावा लागेल," आणि नवरा मान खाली घालतो. 'डोनर सॅम्पल'ला काय लिहू? वीर्यदान, शुक्राणुदान, बीजदान हे शब्द सुचलेत. 'कृत्रिम रेतन' आधीच खोडलं.

सिन्नरकर : खोडलंत ते फार बरं केलंत, ताई. आमच्याकडे रेतन म्हटलं की गोठाच. गाय माजावर आली की डॉक्टर द्रवनत्राच्या कॅनमधून वळूची वीर्यमात्रा काढतात. तोच शब्द बायकोसाठी ऐकून माणूस दवाखान्यातून उठून जाईल.

पंचवटीकर : जुना शब्द आहेच की. नियोगाने, म्हणजे नवऱ्याऐवजी नेमलेल्या दुसऱ्या पुरुषाकडून झालेला तो 'क्षेत्रज'. धृतराष्ट्र, पांडू तसेच.

गोदाकाठ : दादा, तो शब्द मला नकोच. त्यात बाई म्हणजे शेत. शिवाय नियोगात पुरुष ओळखीचा, बहुधा घरातला. आजही "दिराचंच घ्या ना" म्हणणाऱ्या सासवा भेटतात. 2021 च्या सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायद्याप्रमाणे शुक्राणू नोंदणीकृत पेढीतूनच (स्पर्म बँकेतूनच) यावे लागतात. दाता 21 ते 55 वयाचा, तपासण्या झालेला, आणि एका दात्याचे शुक्राणू एकाच जोडप्याला. त्याची ओळख गुप्त राहते.

शब्दवेडा : वीर्य आणि शुक्राणू यांत गल्लत नको. वीर्य हा द्राव, शुक्राणू त्यातल्या पेशी. कित्येक पुरुषांत वीर्य व्यवस्थित असतं, शुक्राणू मात्र नसतात. म्हणजे उणीव पेशींची आहे. त्यात 'वीर्य'चा दुसरा अर्थ पराक्रम. "तुमचं वीर्य चालणार नाही" हे वाक्य थेट पुरुषत्वावर बसतं, "शुक्राणू आढळले नाहीत" हे रिपोर्टसारखं ऐकू येतं. आययूआय या वंध्यत्वावरच्या उपचारातही वीर्य धुऊन वेगळे केलेले शुक्राणूच गर्भाशयात सोडतात. तेव्हा शुक्राणुदान हाच नेमका शब्द. 'बीज' सौम्य आहे, पण स्त्रीबीजाशी घोटाळा होतो.

नाशिकरोडचा बाप : आमची लेक अशीच झाली. पत्रकात एक शब्द कुठेही येऊ देऊ नका : 'खरा बाप'. आमच्या नात्यातल्या एकाने तो सहज उच्चारला, बायको रात्रभर जागी होती. घरात आम्ही 'दाता' म्हणतो. लेकीला सांगितलंय, एका माणसाने आम्हाला मदत केली, म्हणून तू आलीस. ती म्हणाली, "मग त्याला थँक्यू म्हटलं का?"

शब्दवेडा : कायदाही तुमच्याच बाजूचा. मूल त्या जोडप्याचं जैविक अपत्यच मानलं जातं, दात्याचा पालक म्हणून कसलाही हक्क उरत नाही. म्हणजे 'औरस'च, पूर्ण अर्थाने.

गोदाकाठ : दादा, तुमच्या लेकीला खूप प्रेम. पत्रकात आता असं जाईल : "पतीच्या वीर्यात शुक्राणू नसतील, तर पेढीतून दात्याचे शुक्राणू घेऊन गर्भधारणा करता येते. होणारं मूल तुमचंच." एकटीने मूल हवं असलेल्या बायकांनाही कायद्याने हा उपचार घेता येतो, तिथे 'पती' गाळून वेगळा परिच्छेद लिहिते. आता पुढचं सांगा, स्त्रीबीज देणारी ती 'दाती' की 'दात्री'?

सिन्नरकर : 'दात्री' पुस्तकी वाटतं. "स्त्रीबीज देणारी महिला" असंच लिहा ना.