कोल्हापुरात घर बघताना पुराचं नेमकं काय बघायचं?

सोलापूरची_वकील

नमस्कार मंडळी. २०२५ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूरला मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं तेव्हापासून आमची सोलापूरची मॅटर्स मुंबईऐवजी तिकडं लागतात. आधी सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं मुंबई गाठायचे, आता पंढरपूर-सांगोला-मिरज करत कोल्हापूर, आणि ही ये-जा काही झेपत नाही म्हणून बिऱ्हाडच हलवायचं ठरवलंय. घरात मिस्टर, सासूबाई (गुडघे आणि दम्याचा त्रास) आणि सातवीतला मुलगा. कोर्ट भाऊसिंगजी रोडला आहे म्हणून दसरा चौक, नागाळा पार्क, शाहूपुरी असं जवळपासच बघतोय. शाहूपुरीतला एक तळमजला फार आवडलाय, सासूबाईंना जिने नकोत हे मुख्य. एजंट म्हणतो मॅडम इथं पाणी येत नाही, २०१९ ला आलं ते अपवाद.

आता आम्ही पडलो सोलापूरचे, उजनी किती टक्के भरलं हे बघत आमचा पावसाळा जातो, पूर म्हणजे काय बघायचं असतं तेच माहीत नाही. गाव एवढं चढावर दिसतं, मग पाणी येतं कुठनं? आणि पावसाळ्यातली हवा म्हाताऱ्या माणसाला सोसते का? गावाबद्दल पण सांगा, नवीन माणसाला जमतं का तिथं.

पंचगंगाकाठ

ताई, पहिली गोष्ट, कोल्हापुरात पूर डोक्यावरच्या पावसानं येत नाही. शहरात वर्षाला साधारण १००० मिमी पाऊस पडतोय, पण तिकडं गगनबावड्याला ५ हजार मिमीच्या पुढं जातोय, आणि ते सगळं पाणी आपल्याच नदीला येतंय. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या सगळ्या प्रयाग चिखलीजवळ एकत्र येत्यात आणि तिथनं पुढं पंचगंगा (पाचवी सरस्वती गुप्त धरत्यात). प्रत्येकीवर धरण आहे. त्यामुळं कोल्हापुरात दोन दिवस उघडीप असते, ऊन पडलेलं असतं, आणि नदीचं पाणी तरी चढत असतंय. बाहेरनं आलेल्या माणसाला हेच पटत नाही आणि तिथंच तो फसतोय.

बघायचं काय, तर कसबा बावड्याच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी. जूनपासून सगळ्या गावाच्या तोंडात ती फुटात असते, ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ती ५५ च्या वर गेली, २०२१ च्या जुलैमध्ये ५६ च्या वर. म्हणजे एजंट म्हणतोय तो अपवाद दोनच वर्षांत परत आला, आणि २००५ चा तर त्यानं हिशोबच धरलेला नाही.

दुसरं, राधानगरी. तिथले सात दरवाजे स्वयंचलित आहेत, धरण भरलं की पाण्याच्या दाबानं आपोआप उघडतात, कुणी बटण दाबत नाही. एका दरवाजातनं १४२८ क्युसेक. कोल्हापुरात पोरासोरांना हा आकडा पाठ असतोय. किती दरवाजे उघडले आणि गगनबावड्याला काल किती झाला, या दोन गोष्टी कळल्या की उद्या शहरात काय होणार याचा अंदाज येतोय. ते पाणी पोचायला काही तास लागतात आणि तेवढाच वेळ आपल्या हातात असतोय.

आणि नदी काय फक्त घाटावरनं वर येत नाही. जयंती नाला शहराच्या मधनं जाऊन नदीला मिळतोय. नदी चढली की नाल्याचं पाणी पुढं सरकत नाही, उलट माघारी फिरतंय आणि गल्ल्यांत शिरतंय. शाहूपुरीची कुंभार गल्ली, सुतारवाडा, व्हीनस कॉर्नरची बाजू, नागाळा पार्क, रमणमळा, हे सगळं असंच भरतंय. सुतारवाड्यातल्या लोकांना तर दरवेळी सगळ्यात आधी दसरा चौकातल्या चित्रदुर्ग मठात हलवतात.

शाहूपुरीकर७२

वरच्यांनी बरोबर सांगितलंय. मी शाहूपुरीतच राहतो त्यामुळं तळमजल्याबद्दल तेवढं बोलतो. ताई तो फ्लॅट घेऊ नका. आमचा पण तळमजलाच होता. २०१९ ला संध्याकाळी पाणी कोपऱ्यावरच्या चेंबरमधनं बुडबुडे काढत वर यायला लागलं, रस्ता अजून कोरडा होता, लोक दारात उभं राहून बघत होती. आम्ही फ्रीज टेबलावर ठेवला आणि वर शेजाऱ्यांकडं गेलो, वाटलं पायरीपर्यंत येईल. रात्रीत खिडकीच्या चौकटीला लागलं. आणि ते पाणी येताना जेवढा त्रास देत नाही तेवढा जाताना देतंय, कारण मागं गाळ राहतोय, चिकट, काळा, बोटभर, आणि त्यात गटाराचं सगळं आलेलं. फावड्यानं काढायचा, मग पाईपनं मारायचं, पण पाईपला पाणी कुठनं आणणार, शिंगणापूर-बालिंग्याचे पंप स्वतःच पुरात बुडलेले, त्यामुळं अख्ख्या गावाचा पाणीपुरवठा बंद. चहूबाजूंनी पाणी आणि प्यायला टँकरची लाईन. भिंतीची ओल पुढच्या उन्हाळ्यापर्यंत गेली नाही, वायरिंग सगळं बदललं, कपाटांचा प्लाय फुगून गेला. दम्याच्या माणसाला त्या ओलीत ठेवणं म्हणजे, काय सांगू.

शाहूपुरी सगळीच बुडते असं मात्र कुणी समजू नये. शाहू महाराजांनी १८९५ ला गुळाची पेठ म्हणून वसवलेली ही, स्टेशनकडच्या गल्ल्या कोरड्या असतात. गल्ली नंबर विचारा आणि शेजारच्या दुकानदाराला विचारा, २०२१ ला पाणी कुठपर्यंत होतं म्हणून. तो हात लावून दाखवेल. एजंटला विचारू नका.

मिरजकर_अभियंता

सगळ्याचं मूळ कर्नाटकातलं अलमट्टी धरण आहे हे कुणी लिहिलंच नाही. कर्नाटक पाणी अडवून धरतं, कृष्णा फुगते, नृसिंहवाडीला पंचगंगेला पुढं जायला वाव राहत नाही आणि फटका कोल्हापूर-सांगलीला. आता तर उंची ५१९ वरून ५२४ मीटर करायचं चाललंय. हे थांबलं नाही तर घर कुठंही घ्या, काही उपयोग नाही.

पंचगंगाकाठ

अभियंता साहेब, उंची वाढवायला विरोध माझाही आहे आणि कृष्णेच्या फुगवट्याचं तुम्ही म्हणता ते वाडीपुरतं दिसतंयच डोळ्यांना. पण सगळं अलमट्टीवर ढकललं की आपल्या गावात आपण काय केलं ते कुणी विचारत नाही, आणि मला त्याचाच राग आहे. पूररेषेच्या आत भराव टाकून बिल्डिंगा उभ्या राहिल्या त्या कर्नाटकानं बांधल्या नाहीत. पूर्वी नदी चढली की रमणमळा-बापट कॅम्पच्या शेतात पाणी पसरायचं आणि उतरायचं, आता तिथं कंपाउंड आहेत, मग ते पाणी जाणार कुठं. शिरोलीजवळ हायवेचा भराव म्हणजे नदीला आडवा बांधच झालाय. २०१९ ला तोच हायवे आठवडाभर बंद होता, पेट्रोल नाही, गॅस नाही, दुधाच्या गाड्या जाग्यावर.

ताई, फ्लॅटच्या कागदात हे बघाच. निळी पूररेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतनं एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतनं एकदा येणाऱ्या. निळीच्या आत असेल तर उठून या. दोन्हींच्या मधे असेल तर परवानगी कुठल्या अटीवर दिली ते वाचा, तुम्ही वकील आहात, तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त कळणार.

पेठेतला_पोरगा

सगळ्यांनी पाण्याचंच लिहिलंय तर मी गावाचं लिहितो, तरी पाणी येणारच त्यात. जुनं कोल्हापूर बघा ताई, अंबाबाईचं देऊळ, महाद्वार रोड, शिवाजी पेठ, मंगळवार पेठ, बहुतेक सगळं उंचावर. जुन्या लोकांना कळत होतं. त्याच्याही आधीची वस्ती नदीकाठी होती पण ती पण ब्रह्मपुरीच्या टेकडीवर, तिथं १९४५-४६ ला खोदकाम झालं तेव्हा सातवाहन काळातलं घरदार निघालं, आणि ग्रीक देव पोसायडनची ब्राँझची छोटी मूर्ती पण तिथलीच. ती मूर्ती टाऊन हॉल म्यूझियममध्ये आहे, तुमच्या कोर्टाच्या जवळच, मुलाला घेऊन जावा एकदा. समुद्राचा देव कुठं सापडला तर आमच्या पंचगंगेच्या काठावर, मला तर लई भारी वाटतं ते.

गावात तळी पण भरपूर होती. गांधी मैदान म्हणजे वरुणतीर्थ तलाव, कपिलतीर्थ मार्केट म्हणजे कपिलतीर्थ. तळी बुजवली पण पाणी विसरत नाही, गांधी मैदानात आजही पावसाळ्यात तळं होतंय आणि फुटबॉलवाल्या पोरांची प्रॅक्टिस बंद पडते. रंकाळा तेवढा राहिलाय, तो तरी नीट राखावा एवढीच इच्छा.

नवीन माणसाला जमतं का विचारलंय. जमतं, पण आधी गल्लीत ओळख पाहिजे. इथं सगळं तालीम आणि मंडळावर चालतंय. पाटाकडील, दिलबहार, शिवाजी तरुण, नावं तालमी-मंडळांची पण टीम फुटबॉलच्या, आणि शाहू स्टेडियमला मॅच असली की अर्धं गाव तिथंच. पूर आला की हीच पोरं काहिली लावून भात शिजवतात, बोटीला धक्का मारतात, कुणाची आजी कुठल्या मजल्यावर अडकलीय हे सरकारी यादीच्या आधी तालमीत माहीत असतंय. टोलच्या आंदोलनात पण हेच झालं, शहरातल्या रस्त्यांना टोल लावला तर एन. डी. पाटील सरांसारखा म्हातारा माणूस रस्त्यावर उतरला आणि मागनं सगळं गाव, वर्षानुवर्षं, शेवटी टोल गेलाच. तुमच्या सर्किट बेंचसाठी वकील मंडळी ४० वर्षं भांडली ते तुम्हाला माहीतच असंल.

आणि आषाढात याच, त्र्यंबोलीची म्हणजे आमच्या टेंबलाईची जत्रा बघायला. पंचगंगेला नवं पाणी आलं की बायका कलश भरून डोक्यावर घेतात आणि गल्लीगल्लीतनं पी-ढबाकच्या तालावर टेंबलाईच्या टेकडीवर जातात, ते पाणी देवीच्या पायरीवर वाहतात. ज्या नदीची भीती असते तिचंच नवं पाणी डोक्यावर घेऊन जायचं. मुलाला सुट्टी नसली तरी दांडी मारू द्या त्या दिवशी.

सोलापूरची_वकील

सगळ्यांचे खूप आभार, एवढं मनापासून लिहिलंत. तळमजला रद्द. सासूबाईंना जत्रेचं वाचून दाखवलं तर त्या आत्ताच निघायच्या तयारीत आहेत. मग बघू कुठं? उंचावर, पण लिफ्ट पाहिजे आणि कोर्ट फार लांब नको. आणि हवेचं अजून कुणी सांगितलं नाही.

राजारामपुरी_काकू

अगं, राजारामपुरी, टाकाळा, जवाहरनगर किंवा सागरमाळ बघ, हा सगळा चढाचा भाग. रिक्षानं कोर्टाला काही लांब नाही. आणि कोर्टाची कायमची इमारत शेंडा पार्कला व्हायचीय, त्या हिशोबानं कळंबा रोड, आर. के. नगरकडं बघितलंस तरी चालेल, तिकडं लिफ्टच्या नव्या बिल्डिंगा आहेत आणि भाडं पण जरा कमी.

हवेचं म्हणशील तर उन्हाळा तुम्हाला काहीच वाटणार नाही, तुमच्या ४३-४४ पुढं आमचं ३८ म्हणजे सुखच, संध्याकाळी वारं सुटतं आणि एप्रिल-मेमध्ये वळीव येऊन गेला की रात्री पंखा बारीक करावा लागतो. थंडी बेताची. त्रास आहे तो जुलै-ऑगस्टचा. पाऊस कोसळत नाही, पण रिपरिप थांबतच नाही, आठवडा आठवडा ऊन दिसत नाही, कपडे वाळत नाहीत, चपलांना बुरशी येते. सासूबाईंची खोली पश्चिमेच्या भिंतीची देऊ नको, पावसाचा मारा त्याच बाजूनं असतो आणि ओल आत येते. घर बघायला उन्हाळ्यात येऊ नकोस, आत्ता पावसातच ये, भिंतीला हात लावून बघ, कपाटाच्या मागं वास येतो का बघ. माझ्या बहिणीच्या सासूला दमा आहे, ती पावसाळ्याचे दोन महिने सकाळचं फिरणं गच्चीच्या पत्र्याखाली करते, बाहेर जात नाही, औषध वेळेवर घेते, एवढ्यावर बरी असते. तरी तुमच्या डॉक्टरांना एकदा विचारूनच ठरवा.

पिण्याच्या पाण्याचं पण विचारून घे. २०२३ च्या दिवाळीच्या सुमारास काळम्मावाडी धरणातनं थेट पाईपलाईन आली, ५० किलोमीटरच्या वर लांब आहे, पुईखडीला शुद्ध होऊन येतं. त्यामुळं आता पंचगंगेतले पंप बुडले तरी आधीसारखं सगळं गाव कोरडं पडू नये, पण सगळ्या भागाला अजून सारखं पोचत नाही. बिल्डिंगला कुठलं पाणी आहे, किती वाजता येतं आणि टाकी केवढी आहे हे वॉचमनला विचार.

आणि आलीस की सांग, रविवारी दुपारी मी घरीच असते.