लोअर आर्मचे बुश: रबर की पॉली?

लोअर आर्म म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा खालचा दांडा, आणि बुश म्हणजे त्याच्या सांध्यातली धक्के झेलणारी गादी. रोज ऑफिसला न्यायच्या गाडीला रबराऐवजी पॉलीयुरेथेनचे (म्हणजे पॉली, एक कडक प्लास्टिक) बुश टाकावेत का, असं एकाने विचारलंय. आपल्या रत्नागिरीकडच्या रस्त्यांवर तरी नकोच, असं माझं मत. पॉली कडक, त्यामुळे स्टिअरिंग नेमकं लागतं हे खरं. पण खड्ड्याचा दणकाही थेट बॉडीत येतो. रबरी बुश आतल्या-बाहेरच्या धातूच्या नळीला चिकटवलेला असतो, आर्म हलला की रबर स्वतःच पिळतं. पॉली मात्र आतल्या नळीवर फिरतं, म्हणून त्याला सिलिकॉन ग्रीस लागतं. पावसाळ्यात लाल चिखल आत शिरला की कुरकुर सुरू! हौसच असेल तर ९५ए (हा कडकपणाचा आकडा, जितका मोठा तितकं कडक) नको, ८०ए च्या आसपासचे बघा.

गॅरेजात हमखास होणारी चूक वेगळीच आहे. रबरी बुशचा बोल्ट गाडी जॅकवर लोंबकळत असताना पक्का आवळू देऊ नका. चाकं टेकवून, गाडीचं वजन आल्यावरच आवळायचा. नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. माझी पहिली जोडी अशीच गेली, आणि मी मात्र बुशच्या नावाने खडे फोडत बसलो. खाऱ्या हवेत बोल्ट नळीतच गंजून बसतो, तेव्हा नवे बोल्ट आधीच आणून ठेवा. चाकांचं अलाइनमेंट नंतर करायचंच.