मदत हवी आहे : वाळलेल्या जळणाचा दर कसा लावायचा?

वाईजवळ माझी छोटी वखार आहे. गिऱ्हाईक म्हणजे लग्नाचे आचारी, दोन-तीन ढाबे आणि अजून बंब पेटवणारी घरं. दिवाळीत शेतकऱ्याकडून १ टन ओली बाभूळ ४००० रुपयांना घेतली, फोडणावळ ६०० गेली. ढलप्या उन्हात रचून ठेवल्या. मार्चअखेर काट्यावर घातल्या तर भरल्या ७३० किलो! म्हणजे मलाच किलोला ६ रुपये ३० पैसे पडले, हमाली आणि जागा वेगळीच.

शेजारचा वखारवाला ओलं लाकूड ६ रुपयांनी देतो. मी ८ सांगितले की, "लाकूडच की हो, सोनं हाय व्हय?" असं ऐकावं लागतं. ओल्यात ते पाण्याचे पैसे मोजतात, वर धुरानं डोळे चोळतात, हे कोणाला पटतच नाही. एका आचाऱ्याला दोन ढलप्या एकमेकींवर आपटून दाखवल्या, वाळलेली खणखणते, ओली बद्द वाजते. तो हसला आणि ओलंच घेऊन गेला.

वजन सोडून रचलेल्या थप्पीवर, म्हणजे लांबी-रुंदी-उंची मोजून कुणी विकतं का? कऱ्हाड, मिरजेकडं काय चालतं? आणि पावसाळ्यात दर किती वाढवता? ताडपत्रीखाली खालचा थर दरवर्षी बुरसतो, त्यावरही काही सुचवा.