सीताफळाला फुलं भरपूर पण फळ धरतच नाही, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

गच्चीवर मोठ्या ड्रममध्ये सीताफळाचं झाड आहे, बी लावून केलेलं, आता डोक्याच्या वर गेलंय. नवीन फूट आली की तिच्यावर फुलं लगडतात पण सगळीच्या सगळी देठासकट गळून जातात. झाड तसं निरोगी आहे, पानं हिरवीगार, मध्ये थोडा पिठ्या ढेकूण दिसला होता तो पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने गेला, पाण्याचा निचरा पण चांगला आहे.

वाचून आणि रोज फुलं निरखून मला समजलंय ते असं. स्त्रीकेसर आणि पुंकेसर एकाच फुलात असतात पण एका वेळी तयार होत नाहीत. आधी स्त्रीकेसर तयार होतात, तेव्हा त्या तीन जाड पाकळ्या नुसत्या किलकिल्या झालेल्या असतात. नंतर पाकळ्या पूर्ण फाकतात आणि पराग सुटतात पण तोवर मधला भाग सुकून गेलेला असतो, म्हणजे फुलाचं स्वतःच्या परागावर सहसा भागत नाही. हे काम मधमाश्या नाही तर बारीक भुंगेरे करतात, ते त्या अरुंद फटीतून आत शिरतात, आणि इतक्या उंचावर ते येतच नसावेत असं मला वाटतं कारण एकदाही दिसले नाहीत. शिवाय हवा कोरडी आणि गरम असली की स्त्रीकेसरांवरचा ओलावा लवकर जातो आणि पराग चिकटतच नाहीत.

म्हणून आता हाताने परागीकरण करायचं ठरवलंय. पूर्ण उमललेल्या फुलातले पराग छोट्या डबीत झटकून घ्यायचे, मऊ ब्रशने किलकिल्या फुलाच्या पाकळ्या हलकेच बाजूला करून मधल्या भागावर सगळीकडून फिरवायचे. सगळीकडून महत्त्वाचं आहे कारण सीताफळाचा एकेक डोळा म्हणजे एकेक स्त्रीकेसर, अर्धेच फळले तर फळ वाकडंतिकडं होतं.

ज्यांनी हे प्रत्यक्ष केलंय त्यांनी प्लीज सांगा, पराग कधी गोळा करता, पहाटे की संध्याकाळी? आदल्या दिवशीचे पराग डबीत फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी चालतात का? आणि फुलं असताना झाडाखाली पाणी मारून दमटपणा वाढवला तर खरंच फरक पडतो का? फुलं नव्या फुटीवर येतात म्हणून पानगळीनंतर हलकी छाटणी करणार आहे, पण ड्रममधल्या झाडाची किती करावी, टोकं खुडली तरी पुरेल का?

आणि फळं आलीच, येतीलच असं धरून चाललेय :), तर गर साठवायचा कसा? डोळ्यांमधल्या फटी रुंद आणि पिवळट झाल्या की तोडायचं, मग ते घरात पिकतं, इथवर माहितीये. गर शिजवला तर कडू होतो म्हणून कच्चाच फ्रीझ करायचा विचार आहे पण तो काळा पडतो, लिंबू घालून कोणाला चांगला रिझल्ट आलाय का? बिया काढल्याशिवाय गर मिक्सरला लावू नका हे मात्र सगळ्यांना सांगते, बियांची पूड विषारी असते आणि डोळ्यात गेली तर डोळ्याला गंभीर इजा होते.

कळ्या परत दिसायला लागल्यात त्यामुळे जरा घाई आहे. किलकिल्या अवस्थेतल्या फुलाचा फोटो असेल तर नक्की टाका, ती नेमकी ओळखणंच सगळ्यात अवघड जातंय.