शिक्षकांची परीक्षा घेऊन शाळा सुधारणार नाहीत

वाळवंटीकाठ:
काल ‘म्हापशेकर’ यांनी इथे लिहिलं की सरकारी प्राथमिक शाळा शिक्षकांच्या आळसामुळे बुडतायत. दरवर्षी त्यांची लेखी परीक्षा घ्या, नापासांची पगारवाढ रोखा, आणि ‘परिसराशी जोडलेला अभ्यासक्रम’ ही पळवाट बंद करा. वाचून राग आला, म्हणून सविस्तर लिहिते.

मी गोव्यात, सत्तरी तालुक्यात पहिली ते चौथी एकाच खोलीत शिकवते. काजूच्या हंगामात मुलं पहाटे आईबरोबर बोंडू गोळा करून मग शाळेत येतात, पेंगतात. पुस्तकातली वजनाची गणितं त्यांना सुटेनात. मी दुकानातून तागडी आणली आणि बिया जोखायला लावल्या. पाढे अडखळत म्हणणारी तिसरीतली एक मुलगी अडीच किलोचे पैसे तोंडी सांगून मोकळी झाली. मग तेच आम्ही वहीत मांडलं. यात पळवाट कुठली? अपूर्णांक तेच, फक्त सुरुवात तिला येतं तिथून. खाजनाकाठच्या, म्हणजे खाडीलगतच्या बांध घातलेल्या शेतजमिनीजवळच्या शाळेत भरती-ओहोटी शिकवायची तर मुलांना मानशीवर, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारांवर न्यावं. भरतीचं पाणी दारं लोटून बंद करतं, ओहोटीला ती उघडतात, हे बघितलेलं मूल विसरत नाही.

माझ्या वर्गात काहींच्या घरी कोंकणी, कामगारांच्या पोरांच्या घरी कन्नड, आणि पुस्तक मराठी. पहिले काही महिने नुसतं बोलण्यात, गाण्यात, गोष्टींत जायला हवेत. पण ‘पाठ किती झाले’ हाच प्रश्न येतो. माझी परीक्षा खुशाल घ्या, पण या वर्गात उद्या सकाळी काय करायचं ते प्रश्नपत्रिकेत विचारा.

म्हापशेकर:
बाई, तागडीची गोष्ट छान आहे. माझ्या बहिणीच्या गावच्या शाळेत चौथीतल्या मुलाला स्वतःचं पूर्ण नाव लिहिता येत नव्हतं. तिथे मास्तर अकराला यायचे. तुमच्यासारख्या एकीकडे बघून सगळ्यांना सोडून द्यायचं का?

निवृत्त मास्तर, पेडणे:
अकराला का यायचे ते विचारलंत? मतदारयाद्या, सर्वेक्षणं, माहितीचे तक्ते, सगळं प्राथमिक शिक्षकाच्या गळ्यात. मी भर पावसात याद्या घेऊन घरं शोधत फिरलोय, वर्ग रिकामा ठेवून.

म्हापशेकर:
निवडणुकीचं काम २००९च्या शिक्षणहक्क कायद्यातच चालतं म्हटलंय. कलम २७ वाचा.

निवृत्त मास्तर, पेडणे:
वाचलंय. जनगणना, आपत्ती आणि निवडणूक, एवढंच त्यात आहे. बाकीचे तक्ते कुठल्या कलमात बसतात? त्याच कायद्यात साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक हवेत असंही लिहिलंय. ते कुणालाच दिसत नाही!

तिसवाडीकर:
मूळ दुखणं वेगळंच आहे. १९९०ला गोव्यात ठरलं होतं की सरकारी अनुदान फक्त कोंकणी-मराठी प्राथमिक शाळांना. २०११ला इंग्रजीलाही दिलं. तिथून गावच्या शाळा रिकाम्या होत गेल्या. पट घसरला की शिक्षक कमी, शिक्षक कमी की पालक पळतात.

कुळागर_फोंडा:
पालकांना दोष देणं थांबवा. मी मराठीत शिकले, कॉलेजात इंग्रजीपुढे रडले. माझ्या मुलाला ते नको म्हणून इंग्रजीत घातलं. तुमचा मुलगा कुठल्या माध्यमात होता?

तिसवाडीकर:
मराठीत. आज इंजिनिअर आहे.

कुळागर_फोंडा:
घरी तुम्ही शिकलेले होतात, शिकवणी परवडत होती. माझे आईवडील पोफळीच्या बागेत राबायचे. भाषेचा झेंडा उचलणाऱ्यांपैकी कुणी आमच्या शाळेत चांगलं इंग्रजी शिकवणारा शिक्षक मागितला का?

तिसवाडीकर:
म्हणून आईची भाषाच सोडायची? पोर ‘येस टीचर’ म्हणतं आणि परिच्छेदाचा अर्थ विचारला की गप्प. भाचीच्या घरी रोज बघतो.

वाळवंटीकाठ:
तुम्ही दोघं इथेच भांडत राहणार आणि माझी कन्नड बोलणारी पोरं दोघांच्याही हिशेबात नाहीत. कुळागर, मराठी शाळेत इंग्रजी बोलायला नीट शिकवलं पाहिजे, ते तुमचं बरोबर. पण त्यासाठीही बाईला वेळ आणि सोबतीला दुसरी बाई लागते. प्रशिक्षण म्हणजे दिवसभर पडद्यावरची भाषणं नकोत. जाणत्या शिक्षकाने माझ्या वर्गात बसावं, चुकतंय तिथे सांगावं, महिन्याने परत यावं.

म्हापशेकर:
तक्त्यांचं काम काढा, दुसरा शिक्षक द्या, एवढं मान्य करतो. पण तरीही कोण शिकवतो आणि कोण नाही हे कळायलाच हवं. २०२१च्या केंद्र सरकारच्या ‘निपुण भारत’ योजनेत तिसरीपर्यंत वाचन आणि हिशेब यायला हवा असं ठरलंय ना? मग पालकांसमोर दाखवा.

वाळवंटीकाठ:
दाखवते. पालक-शिक्षक संघाच्या पुढच्या बैठकीत प्रत्येक मूल न पाहिलेला उतारा वाचेल, तुम्हीच आणा तो. भागशिक्षणाधिकाऱ्यांनाही बोलवा. आणि ज्याला वाचता आलं नाही, त्याच्यासाठी तिथेच ठरवा की त्याला रोज अर्धा तास कोण देणार, आणि तेवढा वेळ उरलेले तीन वर्ग कोण सांभाळणार.